भावाच्या रांगेत उभी राहिलेली ऑर्फा

ऑर्फा बेनलिसला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. चर्चमध्ये प्रार्थना चालू असली तरी तिची टाच फळीवर टकटक वाजत राही आणि पुढच्या बाकावरची बाई वळून डोळे वटारी. नारळाच्या दुधातल्या पावाची कणीक एकदा मळून झाली की ती उगाच दुसऱ्यांदा मळी. कुकुलाया या समुद्राकाठच्या गावातली माणसं म्हणत, मिस ऑर्फाच्या पोटात खेकडा आहे. त्यावर ती म्हणे, "असू दे की. तुमच्या पोटात तर काहीच हलत नाही."

वर्षातला एक दिवस मात्र ती जागची हलत नसे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळं गाव चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत जमे आणि आपला विहता निवडे. भांडणांचा निवाडा करायचा, जमिनीच्या कागदावर गावाच्या वतीने सही करायची, ते काम विहत्याचं. चिठ्ठ्या नाहीत, पेटी नाही. उमेदवार एकेका नारळाच्या झाडाखाली उभे राहात आणि ज्याला जो पटला त्याच्यामागे तो रांगेत जाऊन उभा राही. तोंड लपवायची सोयच नव्हती. ऑर्फा टेबल टाकून बसे आणि रांगेतलं एकेक नाव वहीत उतरवी. तिच्याआधी तिच्या बापाने हे काम केलं होतं. ती लिहायला लागली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. स्वतःचं नाव ती शेवटी लिहायची. आधी उठून रांगेत जायचं, सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं, मग परत येऊन लिहायचं.

त्या वर्षी दोन झाडांखाली दोन माणसं उभी होती. एक क्लिओफास लॅकवुड. हा म्हातारा आयुष्यभर कासवं धरत आलेला. सगळे त्याला दामा, म्हणजे आजोबा, म्हणत. आणि दुसरा ऑर्फाचा धाकटा भाऊ, वाल्दिन.

वाल्दिन पूर्वी लॉब्स्टर काढायला खोल पाण्यात बुडी मारायचा. सत्ताविसाव्या वर्षी एकदा तो फार घाईने वर आला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. ऑर्फाने दीड वर्ष त्याचे पाय खोबरेल तेलाने चोळले. डावा पाय परत आला, उजवा अर्धाच आला. मग तो काठी घेऊन चालायला लागला, पण गावात त्याला कोणी काम सांगेना. बोटीवरच्या गप्पांत कोणी त्याला धरेना. बंदराच्या गावातल्या सत्ताधारी पक्षाच्या कचेरीत मात्र त्याला खुर्ची मिळाली, छपराला पत्रे मिळाले, नावामागे 'साथी' लागलं. तो विहत्यासाठी उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे पक्ष आहे हे ऑर्फाला दिसत होतं. तरी ती त्याच्याच रांगेत जाऊन उभी राहिली. तिचा नवरा समोरच्या रांगेतून बघत राहिला.

मोजणी झाली. दामा क्लिओफासच्या मागे एकशे एकाहत्तर, वाल्दिनच्या मागे एक्केचाळीस. ऑर्फाने आकडे लिहिले, खाली रेघ मारली, पास्टरची सही घेतली आणि घरी जाऊन रडली.

पाचव्या दिवशी बंदरातून बातमी आली. तिथल्या एका सभागृहात पक्षाच्या लोकांनी 'कुकुलायाची सभा' भरवली होती. तीसेक माणसं होती, त्यातली बरीच कुकुलायाची नव्हतीच. तिथे वाल्दिनला विहता म्हणून जाहीर केलं, शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. आणि त्याच आठवड्यात त्याने नदीच्या वरच्या अंगाच्या पाइनचं जंगल देऊन टाकणाऱ्या कागदावर सही केली. बाहेरून आलेले लोक करवती घेऊन तिथे पोचलेसुद्धा.

करवती पोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी वाल्दिन काठी टेकत बहिणीच्या दारात आला. मिस्किटू लोकांत भाऊ बहिणीला आणि बहीण भावाला एकच हाक मारतात, लाकरा.

"लाकरा, सभेची वही दे."

"कशाला?"

"शिक्का मारायचाय."

"शिक्का मारायला वही लागते, का पान फाडायला?"

तो ओशाळला. मग चिडला. "तू माझ्या रांगेत होतीस ना? का नुसती दया म्हणून उभी राहिलीस?"

"तुझ्या रांगेत होते. पण रांग छोटी पडली, वाल्दिन. ती ओढून लांब करता येत नाही मला."

"एकशे एकाहत्तर! यातल्या किती जणांनी मला पाण्यातून काढल्यावर एक शब्द विचारला?"

तो म्हणत होता ते खरंच होतं. तिने त्याला वाबुल दिलं, उकडलेल्या केळ्यांचं आणि नारळाच्या दुधाचं घट्ट पेय, लहानपणापासून त्याचं आवडतं. त्याने पेल्याला हात लावला नाही. तो गेल्यावर तिने वही तांदळाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळली आणि पोटाशी बांधली. त्या दिवसापासून ती पाव भाजतानाही वही कमरेला असे.

मार्च महिन्यात लिसेथ चॉव आली. ही बंदरातली वकील. किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत तोच प्रकार झाला होता, गावाने निवडलेला विहता एक आणि कागदावरचा दुसरा. पण बाकी ठिकाणी सगळं तोंडी. नावानिशी, रांगेनिशी लिहून ठेवलेलं फक्त कुकुलायात. लिसेथने वहीची पानं उलटली आणि परत पहिल्या पानापासून उलटायला लागली.

"मिस ऑर्फा, तुम्हाला जिनिव्हाला यावं लागेल."

"ते कुठंशी आलं?"

"लांब. जगभरातल्या आदिवासी लोकांची बैठक असते तिथे, संयुक्त राष्ट्रांची. आपलं म्हणणं मांडायला तीन मिनिटं मिळतात."

"तीन मिनिटांसाठी एवढं लांब?"

"हो."

"आणि वाल्दिनचं नाव घ्यावं लागेल?"

लिसेथने खाली बघितलं. "नाव नाही घेतलं तर ते विचारतील, कोण माणूस, कुठलं गाव. मग सगळं हवेतलं होतं."

ऑर्फाने तीन दिवस मागितले. त्या तीन दिवसांत तिने घराच्या सगळ्या फळ्या घासल्या, विहिरीभोवतीचं गवत उपटलं, शेजारणीचंही उपटलं. चौथ्या दिवशी ती दामा क्लिओफासकडे गेली. तो जाळं शिवत बसला होता.

"दामा, माझ्याऐवजी दुसरं कोणी पाठवा. मी हरलेल्या बाजूची आहे."

म्हातारा हसला. त्याला पुढचे दात नव्हते. "म्हणून तर तूच जा. माझ्या बाजूचा गेला तर म्हणतील, खुर्चीसाठी आलाय."

*

जिनिव्हात तिला सगळ्यात जास्त छळलं ते खुर्चीनेच. मऊ, गोल फिरणारी खुर्ची, आणि त्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं. कानात यंत्र, त्यातून स्पॅनिश. मिस्किटू नव्हतीच. बोलणाऱ्यांच्या यादीत तिचा नंबर सत्तेचाळीस होता. पहिल्या दिवशी एकोणिसाव्यावर काम थांबलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी सांगितलं, यादी लांब आहे, तीन मिनिटांची दोन करतोय.

"आणखी एक दिवस गेला तर एकच उरेल," ऑर्फा लिसेथला म्हणाली. "मग मी नुसतं नमस्कार म्हणून येते."

लिसेथने रात्रभर जागून लिहिलेला कागद आता कापायचा होता. दोघी जिन्याच्या पायरीवर बसून कापत राहिल्या. जंगल कापलं. करवती कापल्या. वाल्दिनचं नाव राहिलं आणि शेवटची मागणी राहिली: गावांनी आपल्या रीतीने निवडलेल्या विहत्यांना सरकारने मान्यता द्यावी.

पण ऑर्फाचं मन तिथे नव्हतं. गावात फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की मिळे. तिच्या नवऱ्याचा निरोप दोन दिवसांतून एकदा येई, तोही अर्धवट. पहिला आला, 'सभाघराला कुलूप लावलं'. कोणी लावलं ते नाही. दुसरा आला, 'काळजी करू नको'. त्याने तर ती पुरती हैराण झाली. ज्याअर्थी हा माणूस टाकीवर चढून काळजी करू नको म्हणतोय, त्याअर्थी काहीतरी झालंच असणार. ती मधल्या सुट्टीत लांबलचक व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची, वही पोटाशी धरून. पहारेकरी दोनदा विचारून गेला, काही हरवलंय का. खोलीवर गेली की धुतलेले मोजे परत धुवायची. लिसेथचेही.

सभागृहात तिच्या शेजारी बासिलिया नावाची आयमारा जमातीची बाई बसे, डोंगराळ मुलखातली, टोपी घातलेली. ती भाषणं ऐकता ऐकता विणत असे. तिसऱ्या दिवशी तिने पिशवीतून लोकरीचा गुंडा आणि दोन सुया काढून ऑर्फाच्या मांडीवर टाकल्या.

"घे बाई. नाहीतर खुर्ची मोडशील."

"मला विणता येत नाही."

"न येईना. हात तर हलतील."

दुपारनंतर चव्वेचाळिसावा नंबर लागला तो तिच्याच देशाच्या प्रतिनिधीचा. तरुण पोरगा, छान इस्त्रीचा कोट. त्याने शांतपणे वाचलं की किनाऱ्यावरच्या सर्व गावांत रीतसर निवडणुका झाल्या आहेत. तक्रारी आहेत त्या पराभव न पचलेल्या मोजक्या लोकांच्या. उदाहरणार्थ, कुकुलाया. आणि त्याने प्रमाणपत्राची प्रत उचलून दाखवली. फोटोत वाल्दिन सही करत होता. अंगात नवा शर्ट. काठी कोणीतरी फोटोबाहेर धरली होती.

ऑर्फाच्या हातातल्या सुया थांबल्या. शर्ट तिने ओळखला. ख्रिसमसला तिनेच शिवून दिला होता.

मधले दोन जण काय बोलले ते तिला ऐकूच आलं नाही. मग तिच्या समोरच्या माइकचा लाल दिवा लागला. लिसेथने कागद पुढे सरकवला. ऑर्फाने तो बघितला आणि उलटा ठेवला.

"माझं नाव ऑर्फा बेनलिस," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "त्या फोटोतला माणूस वाल्दिन बेनलिस. माझा भाऊ आहे. त्याचे पाय मी चोळलेत. आत्ता ते साहेब म्हणाले, तक्रार करणारे हरलेले लोक आहेत. खरं आहे. मी हरलेली आहे. मी भावाच्या रांगेत उभी होते. ही वही बघा, एक्केचाळीस नावं, शेवटचं माझं. समोर एकशे एकाहत्तर होते. मला तो विहता झालेला हवा होता. अजून हवाय. पण गावाने त्याला निवडलं नाही. तुम्ही त्याला कागद दिलात, तेव्हा तुम्ही एकशे एकाहत्तर माणसं पुसलीत. आणि आम्हा एक्केचाळीस जणांनाही पुसलंत, कारण आम्ही खरोखर उभे होतो. ऊन होतं. माझी काकू ऐंशी वर्षांची, तिला दोघांनी धरून आणलं होतं. रांगेत उभं राहायला आम्हाला कोणी शिकवलं नाही, कोणी—"

दिवा विझला. अध्यक्षबाई आभार मानत होत्या. ऑर्फा माइकशिवाय आणखी दोन वाक्यं बोलली, मिस्किटूत. ती त्या दालनात कोणालाच कळली नाहीत. मग ती खाली बसली.

"मागणी राहिली," लिसेथ कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता. "मिस ऑर्फा, मागणी म्हटलीच नाही आपण."

एवढा समुद्र ओलांडून ती भावाचं नाव जगापुढे घेऊन बसली होती आणि ज्यासाठी आली तेच राहून गेलं होतं. उरलेली दुपार तिने सुयांवर काहीतरी विणलं. ना टोपी ना मोजा, नुसती गाठ. बासिलियाने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "मी मागणी पुष्कळ वेळा म्हटलीय. अगदी पूर्ण." आणि आपलं विणकाम पुन्हा हातात घेतलं.

संध्याकाळी बैठकीतल्या तज्ज्ञांपैकी एक पांढऱ्या केसांची बाई त्यांना शोधत आली. तिला वही बघायची होती. प्रती काढायच्या होत्या. ऑर्फाने वही हातातून सोडली नाही. प्रती काढायच्या यंत्रापाशी ती स्वतः उभी राहिली आणि सव्वीस वर्षांची पानं एकेक करून तिनेच उलटली. ते संपायला दीड तास लागला. मागणी लिहून देता येते, हेही त्याच बाईने सांगितलं. लिसेथने ती तिथेच, यंत्राच्या झाकणावर कागद ठेवून लिहिली.

*

परतीच्या वाटेवर बंदरातच पोलिसांनी तिला उतरवलं. तिचं बोलणं कोणीतरी फोनवर पसरवलं होतं. किनाऱ्यावरच्या गावागावांत ते बघून झालं होतं. परदेशात देशाची बदनामी का केली, असा प्रश्न होता. एकच प्रश्न, दोन दिवस, फिरवून फिरवून. बाकड्यावर बसवून ठेवत आणि उठू देत नसत. तिला वाटलं, यांना कोणीतरी सांगितलंय की हिला बसवून ठेवलं की ही फुटते. बाहेर पास्टर आणि कुकुलायाच्या वीस-बावीस बाया फुटपाथवर ठाण मांडून बसल्या होत्या आणि मोठमोठ्याने भजनं म्हणत होत्या, सगळी कडवी, परत पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला सोडलं. वही मात्र ठेवून घेतली.

ती वही पुन्हा मिळाली नाही. जिनिव्हात काढलेल्या प्रती लिसेथकडे होत्या, म्हणून सव्वीस वर्षं वाचली.

गावात पोचली तेव्हा धक्क्यावर माणसं होती, पण कोणी हाक मारली नाही. काय बोलावं ते कोणालाच सुचत नव्हतं. वाल्दिनच्या बायकोने तिला बघून दार लावून घेतलं. पुढचे कितीतरी महिने ऑर्फा भावाच्या घरावरून जाताना पावलं भरभर टाकायची आणि मग वळणावर थांबून मागे बघायची.

तज्ज्ञांचा अहवाल डिसेंबरात आला. कुकुलायासारख्या गावांबद्दल त्यात एकच परिच्छेद होता, नऊ ओळींचा. सरकारने गावांच्या स्वतःच्या निवडीचा आदर करावा, असं त्यात म्हटलं होतं. ऑर्फाने तो मिस्किटूत करून जानेवारीच्या सभेत वाचला. सभाघराला कुलूप होतं, म्हणून सगळे समुद्राकाठी, कासवं ओढून आणतात तिथे वाळूत बसले होते.

एका म्हातारीने विचारलं, "म्हणजे ते करवतवाले आता जातील?"

"नाही."

"दामाला शिक्का मिळेल?"

"नाही, कुका," ऑर्फा म्हणाली. सगळ्याच आज्यांना ती कुका म्हणे.

"मग एवढं जाऊन काय झालं ग?"

ऑर्फा पायाची बोटं वाळूत रुतवत राहिली. "आता त्यांना असं म्हणता येणार नाही, की कोणी सांगितलंच नव्हतं."

म्हातारीने मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

मग रांगा लागल्या. दामा क्लिओफास पुन्हा उभा होता आणि त्याच्यासमोर एक तरुण शिक्षिका. ऑर्फा नव्या वहीत लिहू लागली. अर्ध्यावर आली तेव्हा तिला दिसलं, लांब एका पालथ्या घातलेल्या होडीला टेकून वाल्दिन उभा आहे. सगळ्यांना दिसत होता. नावं संपली. तो जागचा हलला नाही.

ती उठून त्याच्याकडे गेली.

"कुठल्या रांगेत आहेस?"

"कुठल्याच नाही."

"तसं लिहू?"

"लिही," तो म्हणाला. "आलो होतो एवढं लिही."

तिने लिहिलं. शिक्क्याचं प्रमाणपत्र त्या वर्षीही त्याच्याच नावाचं आलं.

दोन वर्षांनी पक्षाच्या लेखी वाल्दिनचा उपयोग संपला. नदीच्या खालच्या अंगाच्या जमिनीवर सही करायला त्याने आढेवेढे घेतले असं कोणी म्हणतं, तर कोणी म्हणतं पक्षाला जास्त ऐकणारा माणूस मिळाला. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावावर गेलं. कचेरीतली खुर्चीही गेली. त्यानंतर एका सकाळी तो ऑर्फाच्या ओट्यावर येऊन बसला, न बोलवता. तिने वाबुलचा पेला त्याच्यासमोर ठेवला. या वेळी तो प्याला.

पेला खाली ठेवून म्हणाला, "तिकडे माझं नाव घेतलंस."

"घेतलं."

"सगळ्या देशांसमोर."

"जेवढे जागे होते तेवढ्यांसमोर."

त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "राग आहे मला अजून. जाणार नाही तो."

"नको जाऊ दे."

"त्या शर्टाचं बोललीस का काही?"

"नाही. वेळ संपला."

ऑर्फाची पिशवी दारापाशी भरून ठेवलेली होती. किनाऱ्यावरची आणखी सात गावं आता वही ठेवू लागली होती. कशी लिहायची ते शिकवायला तिलाच बोलावत. जानेवारीच्या सभांआधी सगळ्या गावांना शिकवून व्हावं असा लिसेथचा तगादा चालू होता आणि तीन गावं राहिली होती. एका गावात लिहिणारी पोरगी घाबरून पळून गेली होती. दुसऱ्या गावातून काहीच निरोप नव्हता, आणि काल सकाळपासून ऑर्फाच्या डोक्यात त्याचंच चाललं होतं.

"आज कुठे?" वाल्दिनने विचारलं.

तिने गावाचं नाव सांगितलं.

"नदीच्या मुखाशी लाटा उंच आहेत. सकाळी बघून आलो. आज थांब."

"किती उंच?"

"तुझा जीव जाईल एवढ्या."

तिने आकाशाकडे बघितलं, मग धक्क्याकडे. पंगावाला आपल्या होडीच्या इंजिनाची दोरी ओढत होता, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. ती बसली. पुन्हा उठली. नवी वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी पोटाशी बांधली आणि पायऱ्या उतरली. वाल्दिन काठी टेकत तिच्यामागून धक्क्यापर्यंत आला आणि पंगावाल्याला शिव्या देत सांगू लागला, की मुखाशी डावीकडून जा, उजवीकडे वाळूचा बांध आहे, आणि हिला मधल्या फळीवर बसव, ही जागेवर बसत नाही.